नळ्या जोडण्याचं ऑपरेशन: पैशाची सोय करण्याआधी काय करायचं

ताई, तुमचा धाकटा मुलगा गेल्याचं वाचून वाईट वाटलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, थेट तुमच्या प्रश्नाकडे वळते.

तुम्ही लिहिलेलं थोडक्यात असं: गाव कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात, वय ३२. दुसऱ्या बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं, त्याला सात वर्षं झाली. आता पुन्हा मूल हवं आहे. बेळगावच्या एका खासगी डॉक्टरांनी नळ्या, म्हणजे नसबंदीत बंद केलेल्या गर्भनलिका, पुन्हा जोडता येतील असं सांगून नव्वद हजारांचा अंदाज दिला. आरोग्यविमा कंपनीने नकार कळवला. यजमान उद्यमबागेत फौंड्रीत आहेत, घरी बीपीएल रेशन कार्ड आहे. तुमचा शेवटचा प्रश्न, ‘सोनं गहाण ठेवू की फायनान्सचं कर्ज काढू?’

मी बरीच वर्षं बेळगावातल्या एका हॉस्पिटलात वैद्यकीय समाजसेविका आहे. डॉक्टरांनी सांगितलेला आकडा ऐकून जी माणसं गप्प होतात, त्यांच्यासोबत बसून वाट काढणं हे माझं काम. त्या अनुभवातून सांगते: तुमचा खरा प्रश्न सोनं की फायनान्स हा नाही. नव्वद हजार खर्च करायचेच आहेत हे तुम्ही धरून चालला आहात, आणि ते अजून कुणीही ठरवलेलं नाही. हे ऑपरेशन तुम्हाला उपयोगी पडेल का, ते कुठे करायचं आणि त्यातला किती खर्च टाळता येईल, हे आधी कळलं पाहिजे. कर्जाचं नंतर बघू.

आधी विम्याचं, कारण त्यात तुमचे दोन महिने गेले आहेत. कंपनीने मुद्दाम अडवलंय असं तुम्हाला वाटतंय. पण आपल्याकडच्या आरोग्यविमा पॉलिसींत न भरायच्या खर्चाची एक ठरलेली यादी असते, ती विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली आहे. त्यात सतरावं कलम वंध्यत्वाचं आहे. आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी), सरोगसी आणि ‘नसबंदी पूर्ववत करणे’ ही नावं त्यात शब्दशः आहेत. तेव्हा साध्या पॉलिसीवर तक्रार करत बसून काही हाती लागणार नाही. काही महागड्या पॉलिसींत वंध्यत्वाच्या उपचारांसाठी जादा हप्त्याचं कलम मिळतं, पण त्याला थांबण्याचा काळ असतो. आज घेऊन उद्या उपयोग नाही.

आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक योजनेचंही साधारण तसंच आहे. बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं हे खरं, पण ते ठरलेल्या आजारांच्या पॅकेजसाठी. मूल होण्यासाठीचे उपचार त्यातून वगळलेले आहेत. तुमच्या गावच्या कृषी पत्तीन (शेती पतपुरवठा) सोसायटीत घरातलं कुणी सभासद असेल तर यशस्विनी योजनेचं कार्डही असू शकेल. ती २०२२ च्या शेवटी पुन्हा सुरू झाली. तिचीही स्वतःची यादी आहे, ती सोसायटीच्या सेक्रेटरींकडून किंवा यादीतल्या हॉस्पिटलातून तपासून घ्या. आशा मात्र कमीच ठेवा.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट नेहमी कानावर येते. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं. त्यावरून दोन सरकारांत वाद झाला, नावनोंदणीच्या केंद्रांवर इकडे कारवाईही झाली. त्यामुळे गावात कुणी ‘कोल्हापूरला सगळं फुकट होतं’ म्हणालं तरी तेवढ्यावर बस पकडू नका. त्याही योजनेत उपचारांची यादी असतेच. हॉस्पिटलात योजनेची माहिती द्यायला आरोग्यमित्र असतो, त्याला आधी फोन करून विचारायचं: या नावाचं ऑपरेशन बसतं का, आणि कर्नाटकच्या रेशन कार्डावर चालतं का. दोन्हीचं उत्तर ‘हो’ आलं तरच निघायचं.

आता एक महत्त्वाचं सांगते. विमा असो की सरकारी योजना, पैसे देणारा कागदावरचं आजाराचं नाव बघतो. बाईच्या गर्भाशयात गाठ असेल, अंगावरून फार जात असेल, हिमोग्लोबिन उतरलं असेल, तर ती गाठ काढणं हा आजाराचा उपचार आहे आणि त्याला पैसे मिळू शकतात. तीच गाठ काढल्यावर पुढे दिवस राहिले तर कुणाची हरकत नाही. अंडाशयातली चॉकलेट सिस्ट (जुनं रक्त साचलेली गाठ) आणि तिचं दुखणं, पाणी भरून सुजलेली नळी, यांचंही तसंच. म्हणून सोनोग्राफीत असलं काही निघालं तर डॉक्टरांना सांगा, ‘जे आहे ते सगळं कागदावर लिहा, त्रास कधीपासून आहे तेही लिहा.’ बऱ्याचदा डॉक्टर घाईत नुसतं ‘वंध्यत्व’ लिहितात आणि खरा आजार नोंदवायचा राहून जातो, मग जे मिळायला हवं होतं तेही मिळत नाही. असा खऱ्या आजाराचा दावा नाकारला गेला तर बेंगळुरूला विमा लोकपालांकडे तक्रार करता येते, त्याला फी नाही.

पण नसलेला आजार लिहून घ्यायचा नाही. बाहेर काही लोक तुम्हाला ‘योजनेत बसवून देतो, एवढे द्या’ म्हणतील. ऑपरेशनची नोंद, तपासणीला पाठवलेला तुकडा, फोटो, सगळं मागितलं जातं. खोटं उघड झालं तर दावा जातो, पॉलिसी रद्द होऊ शकते, आणि पुढे घरात खरोखर कुणी आजारी पडलं तर हातात काहीच उरत नाही. असल्या माणसाला दारातूनच परत पाठवा.

आता ऑपरेशनकडे येते. इथे परिस्थितीवर फार अवलंबून आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

नळ्या जोडल्यावर दिवस राहतील का, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं. एक, तुमचं वय. ३२ हे चांगलं वय आहे. पस्तिशीनंतर शक्यता कमी होत जाते आणि चाळिशीकडे फारच कमी. दोन, नसबंदी कोणत्या पद्धतीने झाली. शिबिरात दुर्बिणीने रिंग बसवली असेल तर नळीचा थोडाच भाग खराब झालेला असतो. बाळंतपणानंतर लगेच पोटाला छोटा छेद देऊन नळीचा तुकडा कापला असेल तर थोडा जास्त जातो. नळी डागली असेल तर त्याहून जास्त. जोडल्यानंतर नळी चार सेंटिमीटर किंवा जास्त उरली तर डॉक्टर समाधानी असतात. तीन, यजमानांचं वीर्य.

यातली तिसरी गोष्ट सगळे विसरतात. ‘आम्हाला दोन मुलं झाली आहेत, त्यांना काय तपासायचं’ हे वाक्य मी सतत ऐकते. पण मधल्या सात वर्षांत बदल होऊ शकतो. तुमचे यजमान फौंड्रीत आहेत. भट्टीजवळ तासन्‌तास उभं राहण्याचं काम असेल तर त्या उष्णतेचा शुक्रजंतूंवर परिणाम होतो हे माहीत असलेलं आहे. वीर्यतपासणी काही शे रुपयांत होते, त्याआधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचे असतात. रिपोर्ट कमी आला तर घाबरायचं नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने साधारण तीन महिन्यांनी पुन्हा करायची. पण हा रिपोर्ट हातात आल्याशिवाय नळ्यांच्या ऑपरेशनसाठी एक रुपयाही उचलू नका. वीर्यात मोठा दोष असेल तर नळ्या कितीही छान जोडल्या तरी उपयोग नाही, तिथे विचार आयव्हीएफचा करावा लागतो.

नसबंदी कशी झाली हे कळायला जुना कागद लागतो. प्रमाणपत्र घरात सापडलं नाही तर जिथे ऑपरेशन झालं त्या आरोग्य केंद्रात किंवा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रजिस्टर असतं. तारीख सांगून नोंदीची प्रत मागा. गावातल्या आशाताईंना सोबत नेलं तर काम लवकर होतं. जो सर्जन हा कागद न बघता ‘होऊन जाईल, ॲडमिट व्हा’ म्हणतो, त्याच्याकडे मी माझ्या बहिणीला पाठवणार नाही.

आयव्हीएफ की ऑपरेशन, असंही तुम्ही विचारलं आहे. आयव्हीएफचा खर्च दर खेपेला नव्याने होतो, आणि तो बहुधा लाखाच्या वरच जातो. ऑपरेशनचा खर्च एकदाच, आणि त्यानंतर दर महिन्याला संधी असते. तुमच्या वयात, वीर्य चांगलं असेल आणि नळी पुरेशी उरली असेल, तर आधी ऑपरेशन हा विचार योग्य आहे. अडतीस-चाळीस वयाच्या बाईला मी असं सांगणार नाही, कारण ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष वाट बघण्याइतका वेळ तिच्याकडे नसतो.

आता त्या नव्वद हजारांकडे बघू. खासगी हॉस्पिटलात त्यात सर्जनची फी, भूल, ऑपरेशन थिएटर, खोली, औषधं आणि धागे असतात, तर काही वेळा दुर्बिणीचे वेगळे पैसे. हे ऑपरेशन दुर्बिणीनेही होतं आणि पोटाला छोटा छेद देऊन, भिंगातून बघत बारीक धाग्यानेही होतं. सराव असलेल्या हाताने केलं तर छेदाच्या पद्धतीतही निकाल चांगले येतात, आणि खर्च सहसा कमी असतो. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा: तुम्ही ही ऑपरेशनं नेहमी करता का, छेदाने केलं तर किती, आणि एकूण आकड्यात काय धरलेलं नाही. अंदाज लेखी घ्या. ‘शून्य टक्के हप्ता’ असं कुणी म्हणालं तर एकरकमी भरल्यास किती कमी होतील तेही विचारा. तो फरक आणि प्रोसेसिंग फी मिळून बहुतेक वेळा व्याजच असतं.

पण खासगीकडे जाण्याआधी सरकारी मेडिकल कॉलेज गाठा. बेळगावात बिम्सचं सिव्हिल हॉस्पिटल आहे, पलीकडे हुबळी, मिरज आणि कोल्हापूरचं सीपीआर आहे. नसबंदीचा कार्यक्रमच सरकारी. त्यामुळे नळ्या जोडून द्या ही विनंती सरकारी हॉस्पिटलच्या स्त्रीरोग विभागाला नवी नसते, विशेषतः मूल गेलेल्या जोडप्याची. तिथे खर्च नाममात्र असतो, बाहेरून आणायची औषधं आणि धागे एवढंच. अडचण दुसरी आहे: त्या वेळी त्या युनिटमध्ये हे ऑपरेशन करणारा हात आहे का, आणि यादी किती लांब आहे. हे ओपीडीत प्रत्यक्ष जाऊन विभागप्रमुखांनाच विचारावं लागतं. खिडकीवरच्या माणसाने ‘इथे होत नाही’ म्हटलं तर तेवढ्यावर परत फिरू नका. ठरवून करायच्या ऑपरेशनचा हाच फायदा, तीन-चार महिने थांबलात तर काही बिघडत नाही. दोन वर्षं मात्र थांबायचं नाही.

यानंतर येतात शिकवणारी ट्रस्टची हॉस्पिटलं. बेळगावात केएलईचं आहे. अशा ठिकाणी जनरल वॉर्डाचे दर खासगीपेक्षा बरेच कमी असतात, आणि बीपीएल कार्ड दाखवून समाजसेवा विभागात अर्ज केला तर काही सूट मिळू शकते. महाराष्ट्रात तर धर्मादाय हॉस्पिटलांना दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे एक लाख ऐंशी हजार आणि तीन लाख साठ हजार आहे. मिरज-कोल्हापूरकडे जाणार असाल तर तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला आधी भेटा आणि कर्नाटकचा उत्पन्नाचा दाखला चालेल का ते विचारून घ्या. दाखला आपल्या नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) निघतो. तो कन्नडमध्ये येतो, तेव्हा पलीकडे नेताना आधार कार्ड आणि शक्य असेल तर इंग्रजी प्रत सोबत ठेवा.

यजमानांचा पगार महिना एकवीस हजारांच्या आत असेल आणि पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल, तर तुम्हीही त्यात आहात. बऱ्याच बायकांना हे माहीतच नसतं. अशोकनगरातल्या ईएसआय हॉस्पिटलात स्वतःचं नाव कार्डावर आहे का बघा. नळ्यांचं ऑपरेशन त्यांच्याकडून होईल की नाही हे तिथल्या डॉक्टरांना विचारा, उत्तर लेखी मागा. ते नाही म्हणाले तरी रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी आणि औषधं यांचा खर्च तिथे वाचू शकतो. आणि हे वाचणाऱ्या फौजी घरांसाठी: पती नोकरीत असेल तर आधी बेळगावचं मिलिटरी हॉस्पिटल, निवृत्त असेल तर ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, पॉलिक्लिनिक. खासगीत पैसे भरून मग परतावा मागायला जाऊ नका. आधी रेफरल, मग उपचार.

इथवरचं सगळं एकत्र सांगायचं तर क्रम असा: वीर्यतपासणी आणि जुना कागद, मग सरकारी मेडिकल कॉलेज, मग ट्रस्टचं हॉस्पिटल, आणि शेवटी खासगी, तेही लेखी अंदाज घेऊन. या वाटेने गेलेल्या कित्येक जोडप्यांना शेवटी लागलेली रक्कम पहिल्या आकड्याच्या जवळपासही नव्हती.

आता उरलेल्या रकमेचं बोलू. माझा एकच ठाम नियम आहे. या ऑपरेशनने मूल होईलच असं कुणीही सांगू शकत नाही. म्हणून कर्ज तेवढंच घ्यायचं, जे मूल झालं नाही तरी तुम्ही फेडू शकाल. दिवस राहिले नाहीत आणि वर दर आठवड्याला हप्त्याची माणसं दारात, ही अवस्था मी घरांमध्ये पाहिली आहे. नवरा-बायकोत बोलणं उरत नाही. ते मूल न होण्याच्या दुःखापेक्षाही वाईट असतं.

त्यामुळे आधी बिनव्याजी पैसे. यजमानांच्या पीएफमधून आजारपणासाठी आगाऊ रक्कम काढता येते. ती परत करायची नसते, पण म्हातारपणचे पैसे कमी होतात हे लक्षात ठेवून लागेल तेवढीच काढा. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार तुमच्या खात्यात येत असतील तर ते आजपासून बाजूला ठेवायला लागा. ओपीडीच्या फेऱ्यांना शक्ती योजनेमुळे कर्नाटकात सरकारी बसला तुमचं तिकीट लागत नाही, लागेल ते यजमानांचंच. भिशी चालू असेल तर नंबर आधी घेण्याबद्दल बायकांशी बोला. कारण सांगायची गरज नाही.

त्यानंतर सोनं. राष्ट्रीयीकृत बँक किंवा नीट चालणारी सहकारी बँक, या दोन ठिकाणी सोनेतारणाचं व्याज खासगी सोनेतारण कंपन्यांपेक्षा सहसा कमी असतं. दोन-तीन ठिकाणी विचारून, वर्षाला एकूण किती भरावे लागतील हे रुपयांत लिहून घ्या. ते देतात तेवढं घेऊ नका, लागेल तेवढंच घ्या. मंगळसूत्र शेवटपर्यंत घरात राहू द्या.

संघाचं कर्ज, म्हणजे तुमचा बचत गट किंवा धर्मस्थळ संघ, हे त्यापुढचं. आठवड्याचा हप्ता तुमच्या शिलाईच्या कमाईतून निघत असेल तरच. मायक्रोफायनान्स कंपन्यांचं कर्ज मी सांगत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने सगळे हप्ते मिळून घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, पण निम्मा पगार हप्त्यात गेला तर तुमच्या मोठ्या मुलीच्या शाळेचं काय? वसुलीचा जाच इतका वाढला होता की २०२५ च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारला त्यावर वटहुकूम काढावा लागला. आणि सोसायटीचं शून्य व्याजाचं पीककर्ज यासाठी वळवू नका. मुदतीत भरलं नाही की व्याज लागतं, आणि पुढच्या हंगामात बियाण्याला पैसे नसतात.

इंटरनेटवरून देणगी मागण्याचंही कुणी सुचवेल. तुमचं नाव, फोटो, मुलाची गोष्ट सगळ्यांसमोर येते, आणि अशा ऑपरेशनला लोक फारसे पैसे देत नाहीत. तो मार्ग सोडून द्या.

एक प्रश्न मी प्रत्येक बाईला नवरा आणि सासू बाहेर बसलेले असताना विचारते, तो तुम्हालाही विचारते. हे मूल तुम्हाला हवं आहे का? मुलगा गेल्यावर घरातून ‘पुन्हा मुलगा हवा’ असं येतं हे मला माहीत आहे. नळ्या जोडल्या तरी मुलगी होऊ शकते. ऑपरेशन तुमच्या पोटावर होणार आहे, बाळंतपण तुमचं होणार आहे. तुमचं उत्तर ‘हो’ असेल तर वर लिहिलेलं सगळं करायला लागा. ‘अजून नाही’ असेल तर तेही ठीक आहे, ३२ व्या वर्षी सहा महिने विचार करायला मिळतात.

शेवटी एक गोष्ट, जी कुणाच्याच अंदाजपत्रकात नसते. नळ्या जोडल्यानंतर दिवस राहिले तर गर्भ नळीतच अडकण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो. म्हणून पाळी चुकली की लगेच तपासणी, आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करून गर्भ गर्भाशयात आहे ना हे बघायचंच. एका बाजूला पोटात दुखलं, चक्कर आली, कपड्यावर रक्ताचा डाग दिसला, तर रात्र असली तरी गाडी करून बेळगावला निघायचं, सकाळची वाट बघायची नाही. असा गर्भ नळीत निघाला तर तो तातडीचा आजार आहे, मूल होण्यासाठीचा उपचार नाही. म्हणून तेव्हा बीपीएल कार्ड आणि विम्याची पॉलिसी दोन्ही सोबत न्या. ऑपरेशनसाठी जमवलेल्या रकमेतले दहा हजार या दिवसासाठी वेगळे ठेवा आणि त्यांना हात लावू नका.

वीर्याचा रिपोर्ट आणि नसबंदीच्या नोंदीची प्रत मिळाली की इथेच खाली लिहा, नावं झाकून. बिम्सला ओपीडीत कुणाला भेटायचं आणि काय विचारायचं, ते त्यावरून नीट सांगता येईल.